राजपुत्र आणि त्याची सावली



संगणकावर खेळावयाचा एखादा खेळ हा भाषणाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आली असेल. मैदानावरच्या खेळानें शरीर कमावतें, पटावरच्या खेळानें बुद्धि तल्लख होते. कांचेच्या पडद्यावर बाहुली नाचवून काय साधतें, असें घरोघरचीं वडील माणसें विचारतात, आणि त्यांचें विचारणें अगदींच अवाजवी आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्याची जन्मकथा एखाद्या जुन्या कारागिराच्या चरित्रासारखी आहे. त्याचें नांव 'प्रिन्स ऑफ पर्शिया', म्हणजे इराणचा राजपुत्र. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानें तो चार वर्षें खपून, जवळजवळ एकहातीं रचिला आणि १९८९ सालीं तो प्रसिद्ध झाला.

ज्यांचें शाळेंत जाण्याचें वय १९९० नंतरच्या दहा वर्षांत आपल्या महाराष्ट्रांत गेलें, त्यांना हें नांव नवें नाहीं. त्या काळीं आमच्या शाळेंत संगणकाच्या खोलींत शिरतांना पायांतल्या चपला बाहेर काढून ठेवाव्या लागत. देवघरांत जावें तसें आम्ही पाय न वाजवितां आंत जात असूं. शिक्षकांची पाठ फिरली कीं कोणी तरी खिशांतून एक चौकोनी फ्लॉपी काढी, काळ्या पडद्यावर इंग्रजीचीं सहा अक्षरें टंकित करी, आणि क्षणांत एक अनवाणी तरुण तळघराच्या फरशीवर येऊन पडे. पाठीमागें लोखंडी दार धाडकन् बंद होई. पहिल्या खेपेस मीं त्या तरुणाला धांवडविलें, आणि समोर खड्डा दिसतांच कळ सोडून दिली. माझी कल्पना अशी कीं, कळ सोडली म्हणजे बाहुली थांबलीच पाहिजे. पण धांवणारा माणूस एकदम थांबूं शकत नाहीं. तो आणखी एकदोन पावलें घसरत जातो. तो तरुणही तसाच घसरला, तोल सांवरतां सांवरतां कांठावरून गेला, आणि खालच्या सुळ्यांवर पडून मेला. भोंवतीं जमलेलीं मुलें हंसत होतीं, तीं गप्प झालीं. पडद्यावरचा मृत्यु मनाला लागण्याची माझी ती पहिली वेळ.

हें असें कां झालें, याचें उत्तर देण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. एकावर एक मजले, मध्यें खड्डे, शिड्या, कठडे, आणि त्यांवरून उड्या मारीत जाणारा एक वीर, अशा रचनेच्या खेळांना 'प्लॅटफॉर्म गेम' असें नांव आहे. १९८१ सालीं जपानांत निघालेला 'डाँकी काँग' हा त्यांतला आरंभींचा प्रसिद्ध खेळ, आणि १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सर्वांत लोकप्रिय. मारिओची उडी ही एक अजब चीज आहे. तो हवेंतल्या हवेंत दिशा बदलतो, आणि कितीही उंचीवरून खालीं आला तरी जमिनीवर पाय टेकतांच पुन्हा धांवूं लागतो. त्याच्या अंगांत जणूं हाडेंच नाहींत. त्यांत मोठी मौज आहे, आणि ती मौज निर्माण करणाऱ्यांची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. मेकनरच्या मनांत मात्र याच्या नेमकें उलट कांहीं तरी घोळत होतें. पडद्यावरच्या माणसाला वजन असावें. तो पडला तर पाहणाराच्या पोटांत गोळा यावा, असें त्याला वाटे.

मेकनर १९६४ सालीं न्यूयॉर्कमध्यें जन्मला. येल विद्यापीठांत शिकत असतांनाच त्यानें 'कराटेका' नांवाचा एक खेळ लिहिला, आणि कॅलिफोर्नियांतील ब्रॉडरबंड कंपनीनें तो १९८४ सालीं बाजारांत आणला. कराटेच्या हालचाली खऱ्या दिसाव्या म्हणून त्यानें आपल्या कराटे-शिक्षकाचें चलच्चित्र घेतलें होतें व त्यावरून आकृत्या गिरविल्या होत्या. ही युक्ति त्यानें शोधिलेली नव्हती. हलत्या माणसाचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरून एकेक चित्र गिरवावयाचें, या पद्धतीला 'रोटोस्कोप' म्हणतात. मॅक्स फ्लायशर या चित्रकारानें १९१५ च्या सुमारास व्यंगचित्रपटांसाठीं ती योजिली होती. मेकनरनें ती लहान घरगुती संगणकावर आणिली, इतकेंच. पण तें 'इतकेंच' फार अवघड होतें.

'कराटेका' चांगला खपला, आणि १९८५ सालीं पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या विशींतल्या तरुणानें नवा खेळ आरंभिला. त्या वर्षाच्या शरद ऋतूंत त्यानें आपला शाळकरी वयाचा धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून घराजवळच्या मोटारी उभ्या करावयाच्या मोकळ्या जागेंत नेलें. तेथें भावानें धांवावें, उडी मारावी, भिंतीच्या कांठाला लोंबकळून वर चढावें, आणि थोरल्यानें व्हिडिओ कॅमेऱ्यानें टिपावें, असा उद्योग चालला. जाणाऱ्या येणाऱ्याला ती दोन भावांची पोरकट गंमत वाटली असेल.

पुढचें काम मात्र गंमतीचें नव्हतें. आज आपण खिशांतल्या फोननें चित्र घेतों आणि तें क्षणांत संगणकांत जातें. त्या वेळीं तशी सोय नव्हती. मेकनरनें ती फीत दूरचित्रवाणीच्या संचावर लावून एकेका क्षणाला थांबविली, अंधाऱ्या खोलींत पडद्यासमोर साधा कॅमेरा मांडून त्या थिजलेल्या चित्राचें छायाचित्र घेतलें, आणि फिल्म धुवून छापील प्रती करून आणिल्या. मग काळ्या शाईनें व पांढऱ्या रंगानें प्रत्येक प्रतींतील आकृति कडांनीं रेखून घेतली, म्हणजे मागची भिंत, झाडें, मोटारी नाहींशा होऊन नुसती देहाची छाया उरे. त्या छायांच्या झेरॉक्स नकला काढून यंत्राच्या साहाय्यानें त्या संगणकांत उतरविल्या. संगणकांत उतरल्यावरही त्यांचा एकेक ठिपका हातानें नीट करावा लागे. सेकंदांतलें प्रत्येक चित्र घेणें यंत्राला झेपणारें नव्हतें, म्हणून कोणतें ठेवावें आणि कोणतें टाकावें, याचा निवाडा डोळ्यानेंच करावयाचा. पाय उचलल्याचें चित्र टाकलें तर माणूस घसरल्यासारखा दिसे. सगळींच ठेवलीं तर यंत्राची स्मृति भरून जाई.

या स्मृतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो ज्या यंत्रावर काम करीत होता, तो 'ॲपल टू' हा १९७७ सालीं निघालेला संगणक. त्याच्या सुधारलेल्या आवृत्तींतही स्मृति १२८ किलोबाइट, म्हणजे एक लक्ष एकतीस हजार बाइटांच्या आसपास. ही संख्या ऐकावयास मोठी वाटते. पण माझें हें आजचें भाषण देवनागरींत, हल्लींच्या पद्धतीनें, संगणकांत सांठविलें तर त्यालाच त्या स्मृतीचा सुमारें तिसरा हिस्सा लागेल. तेवढ्या जागेंत मेकनरला एक राजवाडा, त्याचें तळघर, सुळे, कातरीसारखे मिटणारे पाते, सरकते दरवाजे, संगीत, आणि एका जिवंत माणसाची प्रत्येक हालचाल बसवावयाची होती.

१९८६ मध्यें तो ब्रॉडरबंडच्या कचेरीजवळ कॅलिफोर्नियास राहावयास गेला. तेथील दिवसांची त्याची दैनंदिनी पुढें छापून प्रसिद्ध झाली आहे, आणि होतकरू लेखकांनीं व चित्रकारांनीं ती अवश्य वाचावी, असें मला वाटतें. त्याचें मन दोन ठिकाणीं होतें. त्याला चित्रपटांच्या कथा लिहावयाच्या होत्या. त्या नादांत खेळाचें काम मध्यंतरीं कित्येक महिने पडून राहिलें. इकडे 'ॲपल टू'चे दिवस सरत चालले होते. दुकानांत आयबीएमच्या जातीचे संगणक दिसूं लागले होते. ज्या यंत्रासाठीं आपण इतका जीव पाखडतों आहों, तें खेळ पुरा होईपर्यंत कोणाच्या टेबलावर उरेल काय, ही भीति त्याच्या मागें होती. आणि ती खोटी नव्हती, हें पुढें दिसेलच.

आतां या कथेंतला माझ्या सर्वांत आवडीचा भाग सांगतों. आरंभीं या खेळांत लढाई नव्हतीच. राजपुत्रानें धांवावें, उड्या माराव्या, सापळे चुकवावे, आणि तासाभरांत राजकन्येपर्यंत पोंचावें, एवढीच योजना. कारण साधें होतें: राजपुत्राच्या हालचालींनींच स्मृति इतकी व्यापली कीं दुसऱ्या माणसाला जागाच उरली नाहीं. पण त्याच कचेरींत काम करणारी त्याची मैत्रीण टॉमी पियर्स हिला हें पटेना. खेळ सुंदर आहे, पण सुना आहे. यांत झुंज पाहिजे, असें ती पुन्हा पुन्हा सांगे. मेकनर म्हणे, जागा नाहीं. या वादांतून एक कल्पना निघाली. दुसऱ्या माणसाच्या आकृत्या ठेवावयास जागा नसेल, तर राजपुत्राच्याच आकृत्या पुन्हा वापराव्या. पण मग दोघे सारखेच दिसणार. त्यांना वेगळें कसें करावें?

त्यानें केलेली करामत ऐका. एकाच आकृतीच्या दोन नकला कागदांतून कापल्या आहेत अशी कल्पना करा. एक नक्कल दुसरीवर ठेवा, आणि वरची केसभर बाजूला सरकवा. आतां नियम असा कीं, जेथें दोन्ही नकलांचें एकमत आहे तेथला ठिपका पुसून टाकावयाचा, आणि जेथें मतभेद आहे तेथला ठेवावयाचा. असें केलें म्हणजे देहाचा भरीव भाग विरून जातो, आणि कडांची एक थरथरणारी, चमचमणारी रेषा मागें राहते. संगणकाला ही क्रिया अत्यंत सोपी. तीस नव्या चित्राची गरज नाहीं, वेगळी स्मृति नको. मेकनरनें ती करून पाहिली, आणि पडद्यावर राजपुत्राचें भूत उभें राहिलें.

त्या भुताला मग त्यानें कथेंत स्थान दिलें, आणि येथें या तरुणाची कथाकाराची बुद्धि दिसते. चौथ्या टप्प्याच्या अखेरीस बाहेर जाण्याचें दार उघडतें, पण परतीच्या वाटेवर, जेथें मघांशीं कांहींच नव्हतें, तेथें एक आरसा उभा असतो. दुसरा मार्ग नाहीं. धांवत येऊन आरशावरच उडी घ्यावी लागते. राजपुत्र आरशांतून पार होतो, आणि त्याच क्षणीं दुसऱ्या बाजूनें त्याची छाया बाहेर पडून पळून जाते; राजपुत्राच्या प्राणशक्तीचा शेवटचा एकच अंश उरतो. पुढें ती छाया त्याचा पिच्छा पुरविते. एके ठिकाणीं तो ज्या औषधाच्या कुपीकडे मोठ्या आशेनें चाललेला असतो, ती छाया आधींच पिऊन टाकते. दुसरे ठिकाणीं ती दरवाजा पाडते आणि राजपुत्र खोल कोसळतो. शेवटीं अखेरच्या टप्प्यांत छाया हातांत तलवार घेऊन समोर येते. आम्ही मुलें अर्थातच तुटून पडत असूं. छायेला घाव बसला कीं आपलाही एक अंश कमी होई; छाया मेली कीं राजपुत्रही मरे. हा काय अन्याय, असें आम्हांस वाटे. कित्येक दिवसांनीं वर्गांतल्या एका शांत मुलानें तलवार म्यान करून पाहिली. छायेनेंही म्यान केली. दोघे एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. त्यानंतर समोरच्या रिकाम्या पोकळींत पाऊल टाकलें कीं पायाखालीं फरशी उमटूं लागे.

मीं पुढें बऱ्याच कथा-कादंबऱ्या वाचल्या. पण माणसाचा वैरी तोच असतो, ही गोष्ट मला प्रथम अशा रीतीनें कळली, आणि ती शब्दांनीं कोणी सांगितली नव्हती. मेकनरला स्मृतीची ददात नसती, तर त्यानें चार पांच राक्षस घातले असते आणि छाया जन्मली नसती. पुढें काटछांट करून त्यानें पहारेकऱ्यांनाही जागा काढली. तलवारीचे हात त्यानें १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या बोलपटांतून घेतले. त्यांत एरॉल फ्लिन आणि बेझिल रॅथबोन यांचें द्वंद्व आहे. दोघेही कॅमेऱ्याला बरोबर बाजू देऊन लढतात असे त्या द्वंद्वांत थोडेसेच सेकंद आहेत; तेवढे त्यानें गिरवून घेतले. ज्यांनीं तो बोलपट व हा खेळ दोन्ही पाहिले आहेत, त्यांना ती ओळख पटावी.

खेळाचे नियमही देहाच्या न्यायाला धरून आहेत. एक मजला पडलें तर कांहीं होत नाहीं. दोन मजले पडलें तर शक्तीचा एक अंश जातो. तीन मजल्यांवरून पडलें तर मरण. जमिनींतून वर येणारे सुळे धांवत येणाराला मारतात. पण जो पावलापावलानें चालेल, त्याला ते कांहीं करीत नाहींत. कितीही वेळां मेलांत तरी पुन्हा उठतां येतें, परंतु साठ मिनिटांची घटका चालूच राहते. ती कोणासाठीं थांबत नाहीं. आणि या सगळ्या क्रूर व्यवस्थेंत एक उंदीर आहे. आठव्या टप्प्यांत राजपुत्र बंद दारामागें अडकतो, सुटकेचा उपाय उरत नाहीं, तेव्हां राजकन्येनें पाठविलेला एक इवलासा पांढरा उंदीर धांवत येऊन कळीच्या फरशीवर बसतो आणि दार उघडतें. तो उंदीर पाहून आमच्या खोलींत टाळ्या पडत.

गोष्टीच्या पार्श्वभूमीविषयीं एक आक्षेप नोंदविला पाहिजे. सुलतान परदेशीं लढाईवर गेलेला, मागें दुष्ट वजीर जाफर, त्यानें कोंडलेली राजकन्या, हा सारा मसाला इराणच्या इतिहासांतला नाहीं. तो अरबी गोष्टींचा आहे, आणि तोही हॉलिवुडच्या गाळणींतून आलेला. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठींत आणल्या, तेव्हांपासून अशा वजिरांची आपणांस चांगली ओळख आहे. त्यामुळें आम्हां मुलांना ही कथा परकी वाटली नाहीं. पण एखाद्या इराणी मुलाला ती पाहून काय वाटलें असेल, हा विचार मला फार उशिरां सुचला.

खेळाचें संगीत मेकनरच्या वडिलांनीं, फ्रान्सिस मेकनर यांनीं, दिलें. ते मानसशास्त्रज्ञ, व्हिएन्नांत जन्मलेले ज्यू. नाझींच्या अमलामुळें लहानपणींच त्यांना आपलें शहर सोडून पळावें लागलें होतें. थोरल्या मुलाचें लेखन, धाकट्याचा देह, आणि वडिलांचे सूर, असा हा घरचाच मेळ जमला होता.

१९८९ च्या ऑक्टोबरांत खेळ बाहेर पडला, आणि जी भीति होती तेंच झालें. 'ॲपल टू'चा बाजार ओसरला होता. खेळाची वाखाणणी झाली, खप झाला नाहीं. १९९० मध्यें आयबीएम जातीच्या संगणकांसाठीं आवृत्ति निघाली, तिचीही अमेरिकेंत सुरुवात मंदच होती. उलट जपानांत आणि युरोपांत मात्र खेळानें मूळ धरलें. जपानी आवृत्तींत राजपुत्राला फेटा व बंडी मिळाली, आणि १९९२ च्या सुपर फॅमिकॉम यंत्रावरील आवृत्तींत बाराचे वीस टप्पे व साठ मिनिटांचीं एकशें वीस मिनिटें झालीं. त्याच वर्षीं मॅकिन्टॉशसाठीं आवृत्ति निघाली, डब्याचें रूप बदललें, आणि मरूं घातलेला खेळ घरोघर जाऊं लागला. १९९३ सालीं त्याचा दुसरा भाग निघाला.

आपल्याकडे तो कसा आला, हें सांगावयास थोडा संकोच वाटतो, कारण तो बहुतेक ठिकाणीं विकत आलाच नाहीं. एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरत आला. याची शिक्षाही खेळांतच होती. पहिला टप्पा संपला कीं अक्षरांच्या कुप्यांची एक खोली लागे. खेळाबरोबरच्या छापील पुस्तिकेंतील अमुक पानावरील अमुक शब्दाचें पहिलें अक्षर पाहून तीच कुपी प्यावयाची, दुसरी प्याली तर प्राणशक्ति घटे. पुस्तिका आमच्यापैकीं कोणीं जन्मांत पाहिली नव्हती. आम्ही एकेक कुपी पीत मरत गेलों, आणि कोणत्या अक्षरानें जगतां येतें त्याच्या याद्या वह्यांच्या मागच्या पानांवर लिहीत गेलों. आणखी एक मंत्र मुलांमुलांत फिरत असे. खेळाच्या नांवापुढें 'मेगाहिट' हा शब्द टंकित केला कीं टप्पे ओलांडून पुढें जातां येई. तो मंत्र प्रथम कोणीं आणला, हें कोणीच सांगूं शकत नसे.

पुढचा विस्तार थोडक्यांत सांगतों. १९९१ मध्यें फ्रान्समध्यें एरिक शाई यानें 'अनदर वर्ल्ड' हा खेळ केला. त्यांतही माणसाच्या हालचाली चित्रफितीवरून उतरविल्या होत्या, आणि तेथेंही नायक हा नाजूक, एका चुकीनें मरणारा माणूसच आहे. १९९६ च्या 'टूम रेडर'मधील लारा क्रॉफ्ट कठड्याला बोटांनीं लोंबकळते, धांव घेऊन मोजून उडी मारते, तेव्हां तिच्यांत डेव्हिडची ओळख लागते. २००३ सालीं युबिसॉफ्ट कंपनीनें मेकनरच्याच कथेवर 'द सँड्स ऑफ टाइम' हा नवा खेळ काढला. त्यांत राजपुत्राजवळ एक खंजीर आहे. तो वापरला कीं काळ कांहीं क्षण मागें जातो आणि मरण परत घेतां येतें. फार देखणा खेळ आहे; तरी त्या खंजिरानें पूर्वीचा तो पोटांतला गोळा थोडा सैल केला, असें माझें मत आहे. त्याच मालिकेचा पुढचा भाग म्हणून आरंभिलेल्या कामांतून २००७ चा 'असॅसिन्स क्रीड' निघाला, आणि २०१० मध्यें डिस्नेनें चित्रपट काढला. २०२४ च्या जानेवारींत आलेल्या 'द लॉस्ट क्राउन' या खेळांत मात्र इराणी पुराणांतला सीमुर्ग पक्षी आहे, आणि खेळणाराला संवाद फारसी भाषेंत ऐकण्याची सोय आहे. मघांच्या माझ्या आक्षेपाचें थोडेंसें निरसन तेथें झालें.

पण इतका वंशविस्तार झाल्यावर मूळ पुरुषाचीच कागदपत्रें सांपडेनात, अशी स्थिति आली होती. मेकनरनें 'ॲपल टू'साठीं स्वतः लिहिलेल्या आज्ञा, म्हणजे खेळाचें खरें हस्तलिखित, हरवलें होतें. त्यानें बराच शोध केला होता. २०१२ सालीं त्याच्या वडिलांनीं न्यूयॉर्कच्या घरांतील कपाटाच्या मागें धूळ खात पडलेलें एक खोकें त्याला पाठविलें. त्यांत जुन्या आवृत्त्यांच्या प्रतींबरोबर फ्लॉपींच्या तीन लहान प्लास्टिकच्या पेट्या निघाल्या, आणि वरच्या अक्षरांवरून तें हेंच हस्तलिखित, हें त्यानें ओळखलें. ओळखलें खरें, पण वाचावयाचें कसें? चुंबकीय लेखन कालांतरानें फिकें होत जातें. कित्येक वर्षें न वाचलेली फ्लॉपी यंत्रांत घालणें म्हणजे जीर्ण पोथीचें पान उलटण्यासारखें. उलटतांना तेंच फाटावयाचें. म्हणून मेकनरनें आपण होऊन हात लावला नाहीं. जुने संगणकलेख जतन करणारे जेसन स्कॉट आणि 'ॲपल टू'चे जाणकार टोनी डियाझ यांना त्यानें बोलाविलें. एप्रिल महिन्यांत एके दिवशीं ते तिघे जुनीं यंत्रें मांडून बसले, आणि एकेक फ्लॉपी वाचूं लागले. तेवीस वर्षांपूर्वींच्या त्या ओळी पडद्यावर उमटल्या.

मेकनरनें त्या कुलुपांत ठेविल्या नाहींत. जगांत कोणालाही वाचतां याव्या म्हणून त्या लागलीच प्रसिद्ध केल्या. राजपुत्राला घसरत थांबविणाऱ्या त्या आज्ञा कशा लिहिल्या आहेत, हें आज आपल्याकडचा एखादा विद्यार्थीही घरबसल्या पाहूं शकतो. २०१८ मध्यें कांहीं हौशी लोकांनीं त्याच मजकुरावरून 'बीबीसी मास्टर' या ब्रिटिश संगणकासाठीं हा खेळ नव्यानें तयार केला. तो संगणक १९८६ सालचा, म्हणजे मेकनर कॅलिफोर्नियास गेला त्या वर्षींचा. आणि त्याचीही स्मृति १२८ किलोबाइटच आहे. छाया तेथेंही आरशांतून बाहेर पडते.